साहेबांची सही झाली, मग काम कुठं अडलं?

हिंगोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेत काम घेऊन आलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला एक प्रश्न हमखास विचारतो : "साहेब तर हो म्हणाले होते, मग?" त्याच इमारतीत नव्यानं रुजू झालेला कर्मचारी महिनाभरात आपल्या सोबत्याला वेगळ्या शब्दांत तेच विचारतो : "इथं नक्की चालतं कुणाचं?" दोघांनाही बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "राजकारण आहे हो सगळं." हे उत्तर देणारा आपली सुटका करून घेतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

ऑफिसातलं राजकारण हा चार वाईट माणसांचा उद्योग आहे, अशी आपली समजूत असते. माणसं बदलली की राजकारण संपेल, असंही वाटतं. माणसं बदलतात, दर तीन वर्षांनी बदलतात. राजकारण तिथंच राहतं. याचा अर्थ त्याचं मूळ माणसांच्या स्वभावाइतकंच कामाच्या रचनेत आहे. ती रचना वाचायला शिकणं अवघड नाही, आणि नोकरी करणाऱ्या प्रत्येकानं ती शिकावी, असं मला मनापासून वाटतं. न शिकल्याची किंमत बहुतेक वेळा सर्वांत सरळ माणूस मोजतो.

१. भिंतीवरचा तक्ता आणि चालता तक्ता

प्रत्येक कार्यालयाचा एक कागदावरचा तक्ता असतो. महसूल खात्यात वर जिल्हाधिकारी, मग निवासी उपजिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी, तहसीलदार, नायब तहसीलदार, सहायक महसूल अधिकारी (पूर्वीचे अव्वल कारकून) आणि शेवटी महसूल सहायक. जिल्हा परिषदेत हा तक्ता जरा गुंतागुंतीचा असतो. १९६१च्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हापासून तिथं दोन शिखरं आहेत : एका बाजूला निवडून आलेले अध्यक्ष आणि सभापती, दुसऱ्या बाजूला मुख्य कार्यकारी अधिकारी आणि खातेप्रमुख. कर्मचारी या दोघांच्या मधोमध उभा असतो आणि दोघांच्याही सूचना त्याच्याच टेबलावर येऊन पडतात.

हिंगोलीत आणखी एक गोष्ट आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हा जिल्हा वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाचच तालुके असले, तरी कार्यालयं मात्र पूर्ण जिल्ह्याएवढी लागतात. लहान जिल्ह्यात एखादं पद रिकामं राहिलं की त्याचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्या खुर्चीकडे जातो. दोन-तीन खात्यांचा चार्ज एकाच अधिकाऱ्याकडे असला, तर तो प्रत्येक फाइल मुळापासून वाचू शकत नाही. मग तो कुणाच्या तरी टिपणीवर विश्वास ठेवून सही करतो. तक्त्यावर सही करणारा वर दिसतो. चालत्या तक्त्यात टिपणी लिहिणारा त्याच्या बरोबरीला येतो.

हे आजचंच आहे असं नाही. एकोणिसाव्या शतकात हिंगोली निजामाच्या राज्यात होती आणि हैदराबाद कंटिंजंट या फौजेची इथं छावणी होती. फौजेवर अधिकारी इंग्रज, खर्च मात्र निजामाच्या तिजोरीचा. त्या काळात राज्याच्या दिवाणपदावर १८०९पासून मुनीर-उल-मुल्क होता. पण त्यानं कारभारात हात घालायचा नाही, असं आधीच ठरवून घेतलं गेलं होतं. कारभार पाहत होता त्याच्या हाताखालचा पेशकार, राजा चंदुलाल. महसूल कुठून किती येतो, कुणाचं देणं किती, फौजेचा पगार कुठून भागवायचा, हे सगळं चंदुलालच्या हाती होतं आणि त्यामागे ब्रिटिश रेसिडेंटचं पाठबळ होतं. मुनीर-उल-मुल्क १८३२मध्ये वारला. चंदुलाल १८४३पर्यंत सत्तेवर राहिला. फौजेच्या पगारासाठी त्यानं सावकारांकडून, त्यातही पामर कंपनीकडून, जबर व्याजानं कर्जं काढली आणि त्या ओझ्याखाली राज्य वाकलं. दिवाण कोण, एवढंच विचारणाऱ्याला त्या काळातली हैदराबादची एकही घडामोड नीट कळणार नाही.

२. सत्ता साचते कुठं?

मिशेल क्रोझिए नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं सरकारी तंबाखू कारखान्यांचा अभ्यास केला आणि १९६३मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्या कारखान्यांत सगळं नियमांनी बांधलेलं होतं : भरती, बढती, पगार, कामाचं प्रमाण. व्यवस्थापकालाही फारसं काही बदलता येत नव्हतं. फक्त एक गोष्ट नियमात बसत नव्हती, ती म्हणजे यंत्र बंद पडणं. ते कधी बंद पडेल आणि कधी सुरू होईल, हे फक्त दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्र्यांना कळायचं. त्यामुळे हुद्द्यानं वर नसलेल्या या मिस्त्र्यांपुढे कामगारही नरमाईनं वागत आणि वरिष्ठही. मिस्त्री आपलं ज्ञान कागदावर उतरू देत नव्हते. यंत्रांचे आराखडे आणि दुरुस्तीच्या सूचना कारखान्यांतून नाहीशा झालेल्या होत्या.

क्रोझिएनं काढलेला निष्कर्ष या प्रकरणाचा कणा आहे : जिथं पुढं काय होईल याची खात्री नसते आणि ती खात्री देणं एकाच माणसाच्या हातात असतं, तिथं सत्ता साचते.

आपल्याकडे याचं उदाहरण शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. औंढा तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. पाणी सोडायचं वेळापत्रक वर ठरतं, त्यावर अभियंत्याची सही असते. पण चारीच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला विचारा की तो कुणाची वाट पाहतो. तो पाटकऱ्याची वाट पाहतो. पाळी आज रात्री येणार की उद्या, आणि आली तर किती तास टिकणार, हे पाटकऱ्याच्या हातात असतं. धरणाच्या तोंडाजवळच्या शेतकऱ्याला पाणी हमखास मिळतं, म्हणून त्याला पाटकऱ्याशी गोड बोलावं लागत नाही. अनिश्चितता जेवढी मोठी, तेवढा पाटकरी मोठा. कार्यालयातही आपण चारीच्या कोणत्या टोकाला उभे आहोत, हे आधी पाहावं.

३. टेबलाची ताकद

आता एक साधी फाइल घेऊ. एका प्राथमिक शिक्षिकेचं वैद्यकीय देयक आहे. ते शाळेतून पंचायत समितीत, तिथून शिक्षण विभागात आणि तपासणीसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जातं. वाटेत एका टेबलावर त्रुटी निघते : दवाखान्याच्या एका बिलावर शिक्का नाही. कागद परत येतो. शिक्का आणायला आणि फाइल पुन्हा वर जायला पंधरा दिवस लागतात. मग दुसरी त्रुटी : डिस्चार्ज कार्डाची प्रत साक्षांकित नाही. आणखी पंधरा दिवस. मग तिसरी : अर्जात एक तारीख चुकली आहे. पुन्हा पंधरा. तीनही त्रुटी खऱ्या आहेत. पहिल्याच दिवशी एकत्र सांगितल्या असत्या, तर काम पंधरा दिवसांत झालं असतं. एकेक करून सांगितल्यामुळे दीड महिना गेला. या दीड महिन्यात कुठलाही नियम मोडलेला नाही. टेबलावरच्या माणसाला नकार देण्याचा अधिकार नव्हताच. उशीर करण्याची मोकळीक होती, आणि तेवढी पुरली.

इथं न्यायानं एक गोष्ट सांगायला हवी. असा उशीर दर वेळी मुद्दाम होत नाही. तीन टेबलं सांभाळणारा कनिष्ठ सहाय्यक खरोखरच पहिली त्रुटी दिसताच फाइल परत करून पुढच्या फाइलीकडे वळतो. पण रचनेचा परिणाम तोच होतो, आणि ज्याला या मोकळ्या जागेचा फायदा घ्यायचा आहे, त्याला ती आयती मिळते.

कायद्यानं ही जागा अरुंद करायचा प्रयत्न केला आहे. महाराष्ट्रात बदल्यांचं नियमन आणि कामातला विलंब रोखण्यासाठी २००५चा जो अधिनियम आहे, त्यानुसार शासकीय कार्यालयात एका कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर ४५ दिवसांत आणि गरज असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा. २०१५च्या लोकसेवा हक्क अधिनियमात अधिसूचित सेवा वेळेत न देणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. तरीही "त्रुटी पूर्ततेसाठी परत" असा शेरा पडला की फाइल त्या टेबलावर राहतच नाही, मग दिवस कुणाचे मोजायचे? टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याच्या 'सहा गठ्ठे' पद्धतीत प्रतीक्षाधीन प्रकरणांचा वेगळा गठ्ठा असतो. कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारे कागद त्यात जातात. काही कागद तिथं रास्त कारणानं असतात, काही तिथं विसावतात.

म्हणून अर्जदारानं आवक क्रमांक घ्यावा आणि पहिल्याच त्रुटीला उत्तर देताना एक ओळ लिहावी : "आणखी त्रुटी असल्यास सर्व एकत्रित लेखी कळवाव्यात." ही ओळ लिहिल्यानं भांडण होत नाही. पुढची त्रुटी काढणाऱ्याला ती आधी का काढली नाही, याचं उत्तर मात्र तयार ठेवावं लागतं.

४. बळाचे पाच प्रकार

१९५९मध्ये जॉन फ्रेंच आणि बर्ट्राम रेव्हन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक माणूस दुसऱ्याला कशाच्या जोरावर वळवतो, याचे पाच प्रकार सांगितले. पदाचं बळ, बक्षीस देण्याचं बळ, शिक्षेचं बळ, ज्ञानाचं बळ आणि आदराचं बळ. पहिली तीन खुर्चीसोबत येतात आणि निवृत्तीच्या दिवशी खुर्चीजवळच राहतात. शेवटची दोन माणसासोबत फिरतात. ज्या वरिष्ठ सहाय्यकाला शासन निर्णय तारखेसह आठवतात, त्याच्याकडे नवे अधिकारी पहिल्याच आठवड्यात वळतात. ज्यानं वीस वर्षांत कुणाची अडवणूक केली नाही, त्याचा शब्द संघटनेच्या बैठकीतही मानला जातो. सत्ता म्हटलं की आपल्याला फक्त शिक्षा आठवते, म्हणून ही यादी उपयोगाची आहे. तिच्याजवळ फार थांबण्याची गरज नाही.

५. चहाच्या टपरीवर ठरणारी गोष्ट

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२मध्ये एका खोलीत १४ कामगारांचं काही महिने निरीक्षण केलं गेलं. गटानं जास्त माल काढला तर सर्वांना जास्त पैसे मिळणार होते. तरीही माल एका ठरावीक आकड्याच्या वर जाईना. कामगारांनी आपसात ठरवलं होतं की एवढंच काम रास्त. यापेक्षा जास्त केलं तर कंपनी दर कमी करील. जो जास्त करील त्याला टोमणे बसत, दंडावर गुद्दाही बसे. जो फारच कमी करील त्यालाही ऐकून घ्यावं लागे. वर चुगली करणारा तर कायमचा बाहेर. या नियमांचा एकही कागद नव्हता, आणि कागदावरच्या नियमांपेक्षा ते काटेकोर पाळले जात.

पुण्यात कंपनीत लागलेल्या हिंगोलीच्या मुलाला पहिल्या महिन्यात "एवढा का पळतोस?" असं कुणी विचारलं, तर तो एका अलिखित कायद्याची पहिली सूचना ऐकतो आहे. त्या कायद्यामागे नेहमी आळस नसतो; बहुधा जुनी भीती असते, आणि ती भीती खरी ठरल्याचा कुणाला तरी अनुभव असतो. ती समजून न घेता वरिष्ठांच्या नजरेत भरायला धावणारा नवखा काही महिन्यांत एकटा पडतो.

गटाची दुसरी बाजू मला जास्त बोचते. कार्यालयातल्या कितीतरी गोष्टी बैठकीआधीच बाहेर चहा घेताना ठरतात. बैठकीत फक्त त्यांची नोंद होते. त्या टपरीवर कोण नसतं? बहुतेक वेळा महिला कर्मचारी नसतात. गावाहून एसटीनं ये-जा करणारे नसतात. ज्यांच्या जातीची किंवा गावाची माणसं तिथं नाहीत, तेही नसतात. कुणी त्यांना हाकललेलं नसतं, पण बातमी त्यांच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोचते. आणि ज्याला बातमी उशिरा कळते, त्याच्या वाट्याला उरलेलं काम आणि उरलेली रजा येते. एखाद्या शाखाप्रमुखाला खरंच न्यायानं वागायचं असेल, तर कामाचं वाटप टपरीवर न करता सर्वांसमोर, कार्यविभाजनाचा लेखी आदेश काढून करावं. एवढ्यानं निम्मी कुजबुज थांबते.

६. बदली : सत्ता जागा कशी बदलते

महाराष्ट्रातल्या नोकरदाराला सर्वांत जास्त भीती आणि आशा कशाची वाटत असेल, तर बदलीची. मुलांची शाळा, आई-वडिलांचं दुखणं, बायको दुसऱ्या तालुक्यात नोकरीला, हे सगळं एका आदेशावर अवलंबून असतं. म्हणून ज्याच्या हाती बदली, त्याच्या हाती माणूस.

वर उल्लेखलेला २००५चा अधिनियम १ जुलै २००६पासून लागू झाला. त्यानं सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरवला, बदल्या वर्षातून एकदा एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात असं सांगितलं, आणि मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी नोंदवून वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घेण्याची अट घातली. "साहेबांची नाराजी" हे कारण कागदावर लिहिता येत नाही, यातच या कायद्याचं मोल आहे. मुदतपूर्व बदलीचा आदेश हाती पडलेल्यानं आधी त्यातलं कारण वाचावं. "प्रशासकीय कारणास्तव" एवढेच दोन शब्द असतील, तर त्यामागची नोंद माहितीच्या अधिकारात मागता येते.

शिक्षकांच्या बदल्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक संख्येनं मोठे. हिंगोलीतल्या बहुतेक गावांत एखादं तरी घर शिक्षकाचं असतं. त्यांच्या जिल्हांतर्गत बदल्या पूर्वी जिल्हा परिषदेतच होत. कुणाचं नाव यादीत घ्यायचं, कोणती शाळा रिकामी दाखवायची, समुपदेशनाच्या दिवशी कोणती जागा आधी भरायची, या सगळ्यात मोकळ्या जागा होत्या, आणि त्या प्रत्येक जागेवर कुणीतरी उभं होतं. ग्रामविकास विभागानं २७ फेब्रुवारी २०१७ रोजी शासन निर्णय काढून या बदल्या संगणकावर नेल्या. शिक्षकांचे संवर्ग ठरले : गंभीर आजार, अपंगत्व वगैरे असलेले विशेष संवर्ग भाग एकमध्ये, पती-पत्नी एकत्रीकरणाचे भाग दोनमध्ये, अवघड क्षेत्रात ठरलेली वर्षं काढलेले बदली अधिकारप्राप्त, आणि बाकीचे बदलीपात्र. कुणाला आधी शाळा मिळणार, हे क्रमानं यंत्र ठरवू लागलं.

माझ्या मते हा महाराष्ट्रातल्या प्रशासनातला फार मोठा आणि चांगला बदल होता. कुणाच्याही दारात न जाता, फक्त सेवेच्या वर्षांवर घराजवळची शाळा मिळालेले शिक्षक मराठवाड्यात भेटतात, आणि त्यांच्या बोलण्यात जी ताठ मान असते तिचं मोल पैशात होत नाही. पण क्रोझिएचा नियम इथंही चुकला नाही. यादीतली मोकळी जागा बंद झाली, तशी अनिश्चितता एक पायरी मागे सरकली. आता महत्त्व आलं कागदाला : आजाराचं प्रमाणपत्र कोण देतं, पती-पत्नीच्या शाळांमधलं ३० किलोमीटरचं अंतर कोणत्या रस्त्यानं मोजायचं, अवघड क्षेत्राच्या यादीत कोणतं गाव घालायचं. खोटी प्रमाणपत्रं आणि अंतराचे चुकीचे दाखले यांच्या तक्रारी राज्यात अनेक जिल्ह्यांतून झाल्या, पडताळण्या झाल्या.

या गोष्टीतून "काही केलं तरी तेच" असा निष्कर्ष काढणं मला चुकीचं वाटतं. आधी निर्णय बंद खोलीत व्हायचा आणि त्याचा माग लागत नसे. आता खोटं प्रमाणपत्र हा एक कागद आहे. त्यावर सही आहे, तारीख आहे, ते तपासता येतं. शेजारच्या शाळेतला शिक्षक त्यावर हरकत घेऊ शकतो. सत्ता सरकली खरी, पण अंधारातून उजेडाकडे सरकली.

७. वर्षातून एकदा लिहिला जाणारा कागद

बदलीनंतरचं दुसरं मोठं हत्यार म्हणजे कर्मचाऱ्याच्या कामावर वरिष्ठांनी लिहिलेला गोपनीय अहवाल. सीमा सडक संघटनेतले कार्यकारी अभियंता देव दत्त यांचं प्रकरण प्रत्येक नोकरदाराला माहीत असावं. बढतीसाठी पाच वर्षांचे अहवाल "अतिशय चांगला" हवे होते. त्यांना १९९३-९४च्या वर्षात "चांगला" असा शेरा मिळाला. तो वाईट नव्हता, म्हणून त्यांना कळवलाही नाही. बढती मात्र त्याच एका शब्दानं गेली. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला की शेरा चांगला असो वा वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध म्हणणं मांडता येईल.

इतकं असूनही अनेक जण आपला अहवाल पाहतच नाहीत. साहेब चांगलं बोलतात, मग चांगलंच लिहिलं असेल, असं धरून चालतात. स्वयंमूल्यमापनाचा रकाना "दिलेली कामे पूर्ण केली" एवढ्यावर भरतात. तिथं आकडे लिहावेत : किती प्रकरणं आली, किती निकाली काढली, कोणती मोहीम सांभाळली. आकड्यांपुढे सौम्य शेरा लिहिणाऱ्याला कारण शोधावं लागतं.

८. तोंडी आदेश

शेवटची मोकळी जागा सर्वांत धोक्याची आहे. "करून टाका, मी पाहतो" असं सांगितलं जातं. काम बिनबोभाट झालं तर श्रेय वर जातं. चौकशी लागली तर सांगणाऱ्याचे शब्द हवेत असतात आणि करणाऱ्याची सही कागदावर. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये. सूचना नोंदवली गेली पाहिजे. निर्णय वरच्या अधिकाऱ्यांच्या संदर्भात होता, पण त्यातलं तत्त्व सर्वांत खालच्या टेबलाला जास्त लागू पडतं.

आणि सर्वांत खालचं टेबल आज बहुधा कंत्राटी कर्मचाऱ्याचं असतं. संगणकावरचं सगळं काम त्याला येतं, साहेबांचा लॉगिन पासवर्डही अनेकदा त्याच्याकडेच असतो. क्रोझिएच्या हिशोबानं त्याच्याकडे सत्ता असायला हवी. ती नसते, कारण त्याचा आदेश ११ महिन्यांचा असतो आणि सर्वांत मोठी अनिश्चितता त्याच्या स्वतःच्या भाकरीची असते. म्हणून दुसऱ्याच्या लॉगिनमधून नोंद बदलायला सांगितली, तर तो नाही म्हणू शकत नाही. त्याला "धीट हो" असं सांगणं निर्दयपणाचं आहे. त्याला करता येईल असं काहीतरी सांगायला हवं.

ते असं. सूचना मिळाली की त्याच दिवशी, तक्रारीचा सूर न लावता, कामाच्या पूर्ततेचा निरोप म्हणून ई-मेल किंवा टिपणी पाठवावी : "मा. महोदय, आज दुपारी आपण दिलेल्या सूचनेनुसार अमुक लाभार्थ्याची नोंद आपल्या लॉगिनमधून दुरुस्त केली आहे. माहितीस्तव सविनय सादर." यात आरोप नाही आणि नकारही नाही. सूचना चुकीची असेल, तर हा मजकूर वाचून सांगणारा बहुतेक वेळा स्वतःच सांगतो की ती नोंद पूर्ववत करा. सूचना योग्य असेल, तर कुणाचंच काही बिघडत नाही. टिपणी दिली तर प्रतीवर आवक शिक्का घ्यावा, ई-मेल पाठवला तर स्वतःच्या पत्त्यावर प्रत ठेवावी. दोन वर्षांनी चौकशी आली, आणि तोवर ते साहेब बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेले असले, तरी त्या दिवसाची तारीख त्या कागदावर राहते.